उन्हानं खाल्लेली अक्षरं

टक्, टक्, टक्. आबा, अजून ऐकू येतं. कुंचला रंगात बुडवला की डब्याच्या काठावर तुम्ही तो तीनदा वाजवायचात. दोनदा नाही, चारदा नाही. मग सगळं गप्प. त्या गप्पपणात एखादी वेलांटी उतरायची, एखाद्या ‘ळ’चं पोट भरायचं, आणि पुन्हा टक्, टक्, टक्. मंगळवार पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तुम्ही पाटी रंगवताय, मागच्या खोलीत आई भाकरी थापतेय, आणि मधल्या उंबऱ्यावर डोकं टेकून मी पडलोय, उद्याची कविता पाठ करत. दोन टकटकींमधल्या अंतरावरून मी अक्षर ओळखायचो. थोडकं अंतर म्हणजे काना, लांबलं तर जोडाक्षर. शाळेत लघु-गुरू शिकवले ते पुढं; मला ते तुमच्या डब्यानं आधीच शिकवले होते. आयुष्यभर मी पोरांना कविता शिकवल्या, चालीवर म्हणून घेतल्या, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी टेबलावर बोटानं तीनदा वाजवलं. पोरं हसायची. त्यांना काय ठाऊक, तो ठेका कुणाचा.

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मी आता तुमच्याहून म्हातारा आहे, हे लिहितानासुद्धा चमत्कारिक वाटतं. आज लिहायला बसलो कारण तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती चांगली आहे. पण ती सांगायची तर आधी ती शाळेची पाटी आठवावी लागेल. तुम्ही ती विसरला नसणार. मी तर नाहीच.

मला शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नोकरी लागली तो उन्हाळा. दर मे महिन्यात शाळेचे फळे काळे करायला तुम्ही जायचातच. त्या वर्षी फाटकावरची मोठी पाटीही तुमच्याकडं आली. निळी जमीन, पांढरी अक्षरं. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यानं तेव्हा तुम्हाला एक नवीच पांढरी पूड दिली होती, मुंबईहून आलेली, सुट्या पोत्यातली. ती जवसाच्या तेलात घोटून झाली आणि तुम्ही मला हाक मारलीत, “मास्तर, हिकडं या. ह्यो पांढरा बघा. ह्याच्यापुढं आपला जुना सफेदा म्हंजी ताकातलं पानी!” नोकरी लागल्यापासून तुम्ही मला मास्तर म्हणायला लागला होतात, अर्धं कौतुकानं, अर्धं चिडवायला. चौथी शिकलेला माणूस शाळेच्या फाटकावर अक्षरं काढणार आणि त्याच फाटकातनं त्याचा मुलगा शिकवायला आत जाणार, ह्याचा तुम्हाला झालेला आनंद त्या पांढऱ्यासारखाच होता. बघणाऱ्याचे डोळे दिपायचे.

त्याच आठवड्यात त्याच डब्यातनं तुम्ही मला एक काच रंगवून दिलीत. काचेवरचं तुमचं काम म्हणजे सगळं उलटं. मागच्या बाजूनं लिहायचं, उजवीकडून डावीकडं, आधी अक्षर आणि मग त्याच्यामागची जमीन. आधी कळस आणि मग पाया. शाळेत असताना हस्तलिखितासाठी मी एक कविता केली होती, तिची पहिली ओळ तुम्ही कुठून तरी जपून ठेवली होती: ‘ऊन येते पाऊल न वाजवता’. ती तुम्ही तुमच्या त्या घोटीव अक्षरात काचेवर काढलीत. ‘ल’चं शेपूट किंचित वर वळवलेलं, जणू अक्षर हसतंय.

“ह्येचा अर्थ काय रं?” तुम्ही विचारलंत.

“अर्थ असा काही नाही आबा. कविता आहे.”

“मग बरंच की. अर्थ असता तर लिवताना चुकला असता माझा.”

ती काच मी आतल्या खोलीत, माझ्या पुस्तकांच्या फळीवर टांगली. तिथं कधी ऊन आलं नाही. हे आज मुद्दाम लिहितोय.

दोन वर्षं गेली. शाळेची तपासणी जवळ आली होती. हेडसर शिस्तीचे, कडक, पण आपली पायरी कधी न सोडणारे. आपल्याच शाळेतल्या वर्गात शिरतानाही दारावर दोनदा वाजवून, थांबून, मग आत येणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. शिपाई शिडी लावून पाटी पुसत होता, त्याला नीट जमेना म्हणून ते स्वतः शिडीवर चढले. थोड्या वेळानं ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. मनगटापर्यंत पांढराशुभ्र.

“सर, हे काय आहे?”

मी तो तळहात बघायला लागलो. पण खोलीत गप्प बसणारे आम्ही शिक्षक थोडेच होतो. गणिताचे मास्तर म्हणाले, “खडू की ओ! रोज हाताला लागतोय, आपल्यालाच ओळखू येईना होय?” तो पुरावाच झाला, आबा. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचा हात दिवसभर तसाच पांढरा असायचा. दुसऱ्या कुठल्या कचेरीत कुणाला खडू सुचला नसता. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. मग कुणीतरी मागून पुस्ती जोडली, “कपाटातले खडू मास्तरांनी पुरवले, अक्षरं वडलांनी पुरवली. घरचा कारखाना!” हशा पिकला. हेडसर हसले नाहीत. रुमालानं हात पुसत एवढंच म्हणाले, “वडलांना सांगा, निदान शाळेच्या पाटीत तरी भेसळ करायला नको होती.” माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ काय होतो हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मीसुद्धा खडूवालाच की.

रविवारी मी तुम्हाला पाटीखाली घेऊन गेलो. फाटक बंद, मैदान रिकामं. तुम्ही शिडीवर चढून अक्षरावर तळहात फिरवलात, पांढरी पूड बोटांत चोळलीत, वास घेतलात, आणि मग चक्क जिभेला लावलीत. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. तुम्ही डोळे मिटून चव घेत होतात, आई आमटीची घ्यायची तशी.

“खडू न्हाय ह्यो. खडू जिभंला चिकटतोय. ह्यो चिकटत न्हाय.” पुन्हा एकदा हात फिरवलात. “ह्येला उन्हानं खाल्लंय बघ. त्याल खाल्लं आनि पूड तेवढी ऱ्हायली.”

“आबा, ऊन रंग उडवतं. खात नाही.” वर्गात चूक दुरुस्त करतात त्या आवाजात मी हे म्हणालो. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि आवडत नाही.

तुम्ही शिडीवरून खाली माझ्याकडं बघितलंत. रागावला नाहीत. “तू कविता करतोस न्हवं? मग हे तुला कळाय पायजे.”

घरी आल्यावर फळीवरची ती काच तुम्ही काढलीत. मागच्या बाजूनं, कडेला जमिनीबाहेर राहिलेल्या पांढऱ्या ओघळावर नखानं ओरखडलंत. काहीच निघालं नाही. रंग दगडासारखा घट्ट. “ह्योच डबा, त्योच आठवडा. भेसळ असती तर हितं पूड झाली नसती व्हय? जा, दाखीव हेडसरास्नी. शाना मानूस हाय, बघितल्याव कळंल त्यास्नी.” टॉवेलात गुंडाळून ती काच तुम्हीच माझ्या पिशवीत ठेवलीत, वर दोन वह्या रचल्यात, फुटू नये म्हणून. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा तुम्ही उंबऱ्यातच बसला होतात.

“दाखीवली?”

“हो.”

“काय म्हनलं?”

“बघतो म्हणाले.”

तुम्ही मान डोलावलीत आणि काच पुसून पुन्हा फळीवर लावलीत. त्या दिवसापासून तुम्ही वाट बघायला लागलात. फळ्यांचं काम दुसऱ्या पेंटरकडं गेलं. तालमीतल्या पोरांनी तुमचं नाव ‘खडू पेंटर’ ठेवलं, आणि आपल्या गावात एकदा ठेवलेलं नाव माणसाबरोबरच जातं. तुम्ही ती नवी पूड टाकून दिलीत आणि पुन्हा जुन्या सफेद्यावर आलात, तर लोक म्हणाले, बघा, आता सुधारला. हेडसर संध्याकाळी सायकलवरून आपल्या गल्लीतनं जायचे. घंटी वाजली की तुमची टकटक थांबायची. हातात कुंचला धरून तुम्ही उभे राहायचात. ते सरळ समोर बघत निघून जायचे. “घाईत असतील,” तुम्ही म्हणायचात. पुढं पुढं म्हणायला लागलात, “इसरलं असतील. मोठा मानूस. पर तू आठवन करू नगंस हां, बरं दिसत न्हाय.” बारा वर्षं ती सायकल आपल्या दारावरून गेली. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरनं उठता येत नव्हतं, तरी घंटी वाजली की तुमची मान दाराकडं वळायची.

आता चांगली गोष्ट सांगतो.

माझी एक नात आहे, थोरल्याची मुलगी. तो पुण्याला असतो. ही इथं विद्यापीठात संशोधन करते आणि माझ्याकडं राहते. आपल्याकडच्या पोरींसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलते. मी जन्मभर वर्गात ते दुरुस्त केलं आणि आता घरात ऐकायला गोड वाटतं. ती काय काम करते हे मला बरेच दिवस नीट कळलं नव्हतं. काचेवर छापते, एवढंच ठाऊक. गेल्या महिन्यात म्हणाली, “आजोबा, चला दाखवतो एकदा, नाहीतर लोकांना सांगाल की नात प्रेसमध्ये कामाला आहे.” गेलो. चपला काढायला लावून तिनं मला एका स्टुलावर बसवलं. समोर टेबलाएवढं यंत्र. घरोघरी कागद छापतात त्याच जातीचं, शाईचे बारीक थेंब उडवणारं. फक्त इथं कागदाच्या जागी काच. तिनं बटण दाबलं. यंत्राचं ते डोकं सरकत एका कडेला गेलं आणि तिथं थबकून त्यानं चार-दोन थेंब झटकले. टिक्, टिक्, टिक्. मग काचेवर आलं आणि आडवं फिरायला लागलं.

“हे कडेला जाऊन काय केलं त्यानं?”

“छिद्रं केसाहून बारीक असतात ना. शाई वाळून बसू नये म्हणून प्रत्येक काचेआधी झटकून घेतो.”

आबा, कुंचला झटकून घेतल्याशिवाय तुम्हीही काचेला हात लावत नव्हतात.

तिची शाई रंगीत नाही. एक पांढरी पूड पाण्यात आणि स्पिरिटात कालवलेली, इतकी बारीक की शाई पातळ दुधासारखी दिसते आणि काचेवर वाळली की दिसतच नाही. गुऱ्हाळांच्या दिवसांत आपल्या खिडक्यांवर जो तेलकट धूर बसतो, तो ह्या न दिसणाऱ्या थरावर बसला आणि वर ऊन पडलं, की हळूहळू त्याचा निकाल लागतो. राहिलेलं पाण्यानं वाहून जातं. काच आपली आपण स्वच्छ राहते. तिची डोकेदुखी मात्र थेंबाची. थेंब वाळताना त्याची पूड कडेला पळते आणि काठ जाड होतो, टेबलावर चहाच्या कपाचा गोल उमटतो तसा. म्हणून ती शाईत हळू वाळणारं काहीबाही घालते, थेंब थेंबाला टेकेल पण त्याच्यावर चढणार नाही इतकं अंतर ठेवते. मला तुमचं ऐकू आलं: “रंगाला काठ येऊ देऊ नगंस.” पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, तीच.

काचेची कामं झाली की भट्टीत भाजायची. मग तिनं प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा घेतला. प्लास्टिक भट्टीत वितळेल, म्हणून ते दिव्याखाली पक्कं करायचं. पण त्यावर तिनं आधी दुसरीच शाई छापली, वाळूच्या जातीची, आणि तिच्यावर मग ती दुधासारखी.

“हा मधला थर कशाला?” मी सहज विचारलं. वर्गात मागच्या बाकावरचं पोर काहीतरी विचारायचं म्हणून विचारतं तसं.

“अहो, नाहीतर तो प्लास्टिकच खाईल की! ह्याला काय कळतंय, धूर कुठला आणि घर कुठलं. उन्हात जे सापडंल ते खातो.”

“कोण खातो?”

“हा पांढरा. तो आणि ऊन, दोघं मिळून.” ती दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा घालून, माझ्याकडं पाठ करून बोलत होती. “पूर्वी हाच रंगात घालायचे म्हणे. बाहेर उन्हात लावला की दोन-तीन वर्षांत तेलच खाऊन टाकायचा. नुसती पूड राहायची. हात लावला की हात पांढरा, खडू लागल्यासारखा.”

स्टुलाला पाठ नव्हती म्हणून मी टेबलाची कड धरली. ती वळली आणि घाबरली. “काय झालं? पाणी देऊ?” मी म्हटलं, पाणी नको, तेच वाक्य पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, अजून एकदा. तिला वाटलं असेल आजोबांना चक्कर आली. मी तिथंच बसून तिला सगळं सांगितलं. पाटी, तळहात, हशा, तुमची ती चव घेणं, खडू पेंटर, सायकलची घंटी. सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून.

तिनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ती काच आहे अजून?” आहे. तीन घरं बदलली, ती काच प्रत्येक घरात आधी गेली. तिच्या कडेला तुमच्या कुंचल्याचा तो ओघळ अजून आहे, अक्षराच्या बाहेर. तेवढ्यातला मोहरीएवढा कण काढू का म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही आणि हो म्हणवत नव्हतं. आबा, तेव्हा मला भीती वाटली हे कबूल करतो. यंत्रानं सांगितलं असतं की खडूच आहे, तर? इतकी वर्षं मी निदान दोन्ही शक्यतांत राहत होतो.

चार दिवसांनी मी चहा ठेवला होता. ती आली, बॅग खाली टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. “आजोबा, खडूचा कण नाही. शोधून शोधून दमलो. ह्या पुडीची दोन रूपं असतात, जुळ्या भावांसारखी. एक शांत, एक खादाड. बाहेरच्या रंगात शांत घालायचा असतो. पणजोबांच्या वाट्याला खादाड आला. पोत्यावर कुठं लिहिलेलं असणार तेव्हा? पण तेल चांगलं, पूड चांगली, हात चांगला. भेसळ शून्य.” दूध उतू गेलं. गॅस तिनंच बंद केला. मी ओट्याला टेकून हसत होतो. पाठांतरात अडकलेलं पोर बाकावर उभं असतं, सगळा वर्ग बघत असतो, आणि एकाएकी पुढची ओळ आठवते, मग ती धडाधड म्हणून ते खाली बसतं ना, तसं मला खाली बसावंसं वाटलं. पन्नास वर्षं उभा होतो मी त्या बाकावर.

आणि मग पोरीनं एक गंमत केली. तुमच्या काचेचा फोटो काढून नेला आणि यंत्राला दिला. यंत्राला काय, सांगाल तिथंच थेंब टाकतं. एका नव्या काचेवर तिनं त्या न दिसणाऱ्या शाईनं तुमची ओळ छापून आणली, तुमच्याच अक्षरात. मी काच उजेडात धरून बघितली. काही नाही, कोरी. रविवारी सकाळी तिनं तिच्यावर निळा रंग पसरला, प्रयोगात वापरतात तो, दौतीतल्या शाईसारखा. सगळी काच निळी झाली, तुमच्या पाटीच्या जमिनीसारखी. ती गच्चीवर दक्षिणेकडं तोंड करून ठेवली. “बसा आता टोपी घालून. आणि हात लावू नका की!”

पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून मी दिवसभर बसलो. लांबून गुळाचा वास येत होता. दहा वाजता काही नव्हतं. बाराच्या सुमाराला मला भास झाला की निळ्यात कुठंतरी विरळ पडलंय. मग ‘ऊ’चा वळसा फिका झाला. मग एक काना. ऊन काहीही आवाज न करता आपलं काम करत होतं. चार वाजता ती वर आली तेव्हा निळ्या काचेत ओळ लख्ख उघडली होती, पाणी दिसावं तशी: ऊन येते पाऊल न वाजवता. जिथं तुमचं अक्षर होतं तेवढंच उन्हानं खाल्लं होतं, बाकी सगळं सोडून. ‘ल’चं शेपूट वर वळलेलं. माझ्या त्या ओळीला अर्थ नव्हता, आबा. तो तुम्ही शिडीवर उभं राहून सांगितलात, आणि कविता शिकवणाऱ्या माणसानं तुम्हाला दुरुस्त केलं.

“ते हेडसर आहेत का अजून?” नातीनं विचारलं.

“असावेत. पेठ वडगावला, लेकीकडं. नव्वदी ओलांडली असेल.”

“मग त्यांना सांगा की!”

मी म्हटलं, खाली चल, ऊन फार आहे. ऊन उतरलं होतं. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि काच उचलली.

आता ती राहिलेली गोष्ट. ती लिहायला आज जमतंय कारण मन हलकं आहे. तुम्ही खरे ठरलात तेव्हा माझं खोटं मांडायला कुठंतरी जागा झाली. त्या दिवशी काच मी दाखवलीच नाही. मधल्या सुट्टीत पिशवी घेऊन हेडसरांच्या खोलीपर्यंत गेलो. दार लोटलेलं होतं, आत ते लिहीत बसले होते. त्यांच्यासारखंच दोनदा वाजवायला मी हात उचलला, आणि मागून त्या गणिताच्या मास्तरांचं हसणं ऐकू आलं. कशाला हसले कोण जाणे, माझ्यावर नसेलही. सुट्टी संपल्याची घंटा झाली. वह्यांखाली काच तशीच ठेवून मी वर्गावर गेलो आणि चालीवर कविता म्हणून घेतली. ‘बघतो म्हणाले’ हे वाक्य मी घराच्या वाटेवर, गंगावेशीच्या कोपऱ्यावर, तयार केलं. हेडसर उद्धट नव्हते, विसरलेही नव्हते. हातात कुंचला धरून एक माणूस आपली वाट बघतोय, हे त्यांना कधी कुणी कळवलंच नाही. तुम्ही बारा वर्षं त्यांच्या उत्तराची वाट पाहिलीत आणि प्रश्न माझ्या पिशवीत होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्या काचेच्या मागच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवायचं, असं ठरवून बसलोय. सकाळी नात स्कूटर न घेताच बाहेर पडली. जाताना म्हणाली, “अकरापर्यंत येतो. आज दूध जास्त घ्या.” कशाला, ते मी विचारलं नाही. आत्ता खाली गाडी थांबल्यासारखी वाटली. जिन्यात पावलं आहेत, दोघांची. तिची, धावती. दुसऱ्याची एकेका पायरीवर विसावणारी, आणि मध्ये काठी टेकल्याचा आवाज. आमच्याकडं घंटी आहे, आबा, सगळेजण घंटीच वाजवतात. पण घंटी वाजली नाही. काठीच्या मुठीनं कुणीतरी दार दोनदा वाजवलं, आणि आत बोलावण्याची वाट बघत थांबलं.

“आजोबा, उघडा की! त्यांना उभं राहवत नाही!” नात ओरडतेय.

पत्र इथंच राहू दे. आधी भिंतीवरची काच काढतो, मग दार उघडतो.